चित्रकाराने घडवलेला कॅमेरा : बाबूराव पेंटर

नेपानगर हे कारखान्याचे गाव. लेथ, फिटर, वर्कशॉप हे शब्द आपल्याकडे लहान मुलांच्याही कानावरून गेलेले असतात. म्हणूनच या अंकात आम्ही अशा एका चित्रकाराची ओळख करून देत आहोत, ज्याने कुंचला बाजूला ठेवून यंत्र घडवायला घेतले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूरला, कारागिरांच्या घराण्यात झाला. चित्रकला ते स्वतःच शिकले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर राजवाडे आणि अरण्ये उभी करणाऱ्या बाबूरावांना लोक 'पेंटर' म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, चित्रपटांचे खेळ केले आणि कॅमेरा आपणच बनवायचा असे ठरवले.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा तसे भाऊभाऊच. दोन्हींत फिल्म एकेक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते. एकात प्रकाश बाहेर पडतो, दुसऱ्यात आत येतो. मात्र फिल्म जरा अडखळली की चित्र बिघडलेच. त्यासाठी प्रत्येक भाग अचूक हवा.

काम अपुरे असतानाच, १९१६ साली आनंदराव वारले. भाऊ गेला, साधने तुटपुंजी. काम तिथेच थांबले असते तर कोणी दोष दिला नसता. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पडदे रंगवणाऱ्या या माणसाने पुढे चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे भरीव सेट उभे केले. जाहिरातीची पोस्टर्सही ते स्वतः रंगवीत. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम हे 'प्रभात'चे संस्थापक त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. कोल्हापुरातला कॅमेरा स्तंभ आजही त्या पहिल्या धडपडीची आठवण देतो.

पालकांना एक विनंती. घरातले बंद पडलेले घड्याळ मुलाने उघडले, तर लगेच रागावू नका. पेच कुठे ठेवले एवढे मात्र जरूर विचारा. आणि मुलांनो, उघडलेली वस्तू पुन्हा जोडेपर्यंत उठायचे नाही. आम्हाला वाटते, बाबूरावांचा खरा धडा हाच आहे.