संत बहिणाबाई आणि कोल्हापुरात पडलेले स्वप्न



पहाटेचे स्वप्न खरे होते, असे आपल्या शिवाजी पेठेत आजही घरोघरी म्हटले जाते. स्वप्नात दात पडला तर घरातले कुणी जाणार, लग्न दिसले तर अशुभ घडणार, या समजुतींना जातीधर्माचे कुंपण नाही. आपली ख्रिस्ती कुटुंबेही त्यांतून सुटलेली नाहीत. आईच्या मृत्यूचे स्वप्न पडले आणि महिन्याभरात आई खरोखर गेली, तर मुलगी वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहते. कुणी एका स्वप्नापायी ठरलेली सोयरीक मोडतो. म्हणून या रविवारी आम्ही अशा एका स्त्रीचे चरित्र सांगत आहोत, जिच्या आयुष्याला आपल्याच कोल्हापुरात पडलेल्या स्वप्नाने वळण दिले.

त्या म्हणजे संत बहिणाबाई. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) वेगळ्या. या संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. त्यांचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगाव येथे झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अगदी लहानपणीच त्यांचे लग्न शिवूरच्या रत्नाकर पाठक यांच्याशी लावून देण्यात आले. नवरदेव वयाने तिशीतले आणि बिजवर होते. पुढे माहेरच्या घरावर भाऊबंदकीचे व कर्जाचे संकट आले आणि आईवडील, जावई, मुलगी असे सारे कुटुंब रातोरात गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत ते कोल्हापुरास पोहोचले. तेव्हा बहिणा अवघी अकरा वर्षांची होती.

त्या काळी कोल्हापूर विजापूरच्या आदिलशाहीत होते. शिवाजी महाराज पन्हाळ्यावर येण्यास अजून बराच अवकाश होता. अंबाबाईच्या देवळाभोवती वसलेल्या या क्षेत्रात एका वेदपाठी ब्राह्मणाने या कुटुंबाला आसरा दिला. तेथे रत्नाकरपंतांना एक गाय दान मिळाली. तिच्या वासराला बहिणेचा असा लळा लागला की ती जाईल तिथे ते मागे जाई. त्या दिवसांत शहरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालू होती. कीर्तनात तुकारामांचे अभंग गायले जात. बहिणा वासरासह कीर्तनाला जाऊ लागली. गर्दीत लोकांनी वासराला हाकलले, तेव्हा स्वामींनी ते आत आणवले आणि मुलीचे कौतुक केले. गावात चर्चा झाली. पतीचा संताप अनावर झाला. त्यांनी तिला बांधून घातले आणि बेदम मारले. गाय-वासराने चारा-पाणी सोडले आणि काही दिवसांत वासरू मरण पावले.

या आघाताने बहिणा काही दिवस बेशुद्धच होती. सावध झाल्यावर तिला एकच ध्यास लागला, तो तुकारामांच्या भेटीचा. त्यांना तिने कधी पाहिले नव्हते, ओळख होती ती केवळ अभंगांतून. आणि मग ते स्वप्न पडले. तुकाराम समोर उभे राहिले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला. पुढे ती देहूला गेली, तेव्हा कोल्हापुरात स्वप्नात दिसलेलेच तुकाराम तिला प्रत्यक्ष दिसले, असे बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे.

न पाहिलेला माणूस आधी स्वप्नात कसा दिसावा? त्या माउलीच्या श्रद्धेचा पूर्ण मान राखून आम्ही याचा विचार करतो.

पहिली गोष्ट, स्वप्न कोरड्या जमिनीत उगवत नाही. दिवसा मनाला जे लागलेले असते, तेच झोपेत वेगळे रूप घेऊन येते. बहिणेच्या कानांत तुकारामांचे शब्द घुमत होते. अंगावर माराचे वळ होते, जिवाभावाचे वासरू गेले होते, आणि मायेने डोक्यावर हात ठेवणारे कुणी हवे होते. स्वप्नात नेमका तोच हात आला. पवित्र शास्त्रातील उपदेशकाच्या पुस्तकानेही स्वप्नांचा संबंध माणसाच्या कामाच्या व्यापाशी जोडला आहे.

दुसरी गोष्ट, आठवण. स्वप्न अंधुक असते आणि घटना स्पष्ट. घटना घडल्यावर आपण मागे वळून पाहतो, तेव्हा मन नकळत स्वप्नातल्या अंधुक जागा घटनेच्या रंगाने भरून काढते. यात कुणाचा खोटेपणा नसतो, स्मरणशक्तीची रीतच तशी आहे. बहिणाबाईंनीही ही हकिगत देहूची भेट झाल्यानंतर सांगितलेली आहे.

तिसरी गोष्ट, साधा हिशेब. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. प्रत्येकाला रात्री एकच स्वप्न आठवते असे धरले, तरी वर्षाला वीस कोटी स्वप्ने होतात. दहा लाखांतले एखादेच स्वप्न योगायोगाने घटनेशी जुळते असे मानले, तरी या एका शहरात वर्षाला दोनशे स्वप्ने खरी ठरतील. त्या दोनशेंची चर्चा होते, उरलेली कुणी मोजत नाही.

पहाटेच्या स्वप्नाचेही कारण आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, आणि त्या वेळी जागे केलेल्या माणसाला बहुधा स्वप्न आठवते. अशा झोपेचा टप्पा रात्रीत चार-पाच वेळा येतो आणि पहाटे तो सर्वांत लांब असतो. त्यातूनच जाग येते म्हणून पहाटेचे स्वप्न लक्षात राहते. जे लक्षात राहते, तेच पुढे खरे ठरल्याचे सांगितले जाते.

आता चौथी गोष्ट, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले की पुष्कळशी स्वप्ने योगायोगाने खरी ठरतात, काही शरीरात सुरू झालेल्या आजाराची खूण असतात, तर काही स्वतःच पुढच्या कृतीला कारण होतात. बहिणेचे स्वप्न या शेवटल्या प्रकारचे. देहूची भेट घडली, कारण त्या स्वप्नाने तिला देहूची वाट धरायला लावली.

ती वाट सोपी नव्हती. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे हे पतीला सहन होईना. ते तिला सोडून जायला निघाले आणि त्याच वेळी आजारी पडले. महिनाभर बहिणेने त्यांची सेवा केली. त्या दुखण्यात त्यांचे मन पालटले आणि तेच कुटुंबाला घेऊन देहूला गेले. तेथे मंबाजीने त्यांना छळले. तरीही बहिणाबाई ढळल्या नाहीत. संसार सांभाळत, मुले वाढवत त्या अभंग रचत राहिल्या. पुढे शिवूरला स्थायिक झाल्या आणि १७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी १९२९ साली त्यांचे आत्मचरित्र व अभंग इंग्रजीत आणले, त्यामुळे मारकुट्या नवऱ्याच्या घरातील या मुलीची कहाणी जगभर पोहोचली.

आपल्या श्रद्धेतही स्वप्नांना स्थान आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात संत योसेफ यांना स्वप्नात सूचना मिळतात. मरियेचा स्वीकार कर, बाळाला घेऊन मिसरला जा, परत ये. प्रत्येक वेळी ते उठतात आणि कुणाचा तरी सांभाळ करतात. दुसरीकडे शकुन-अपशकुन, ज्योतिष व हस्तरेषा यांच्या नादी लागू नये, असे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट सांगते.

तेव्हा भाविकांनो, वाईट स्वप्न पडले म्हणून घाबरू नका, आणि ते खरे ठरले म्हणून स्वतःला गुन्हेगार मानू नका. आईच्या आजारपणाची काळजी मनात होती म्हणूनच ते स्वप्न पडले, आणि काळजी ही मायेचीच खूण आहे. स्वप्नाचा अर्थ सांगून पैसे मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका. तेच ते भयंकर स्वप्न झोप उडवत असेल तर घरच्यांशी, फादरांशी वा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. आणि स्वप्नात कुणी दूर गेलेले माणूस दिसले, तर सकाळी उठून त्याला फोन करा. ते स्वप्न त्या भेटीचे निमित्त होऊ द्या.