रमाबाई रानडे : बायांच्या मतासाठी उभी राहिलेली बाई

बेडसे : इथल्या लेण्यात पाण्याच्या टाक्याजवळ सामडिनिका या महारठी घराण्यातल्या बाईचं नाव कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वी बाईचं दान चाललं. आपल्या मुंबई इलाख्यात कायदेमंडळासाठी बाईचं मत मात्र १९२१ पर्यंत चालत नव्हतं. ते मिळावं म्हणून झटणाऱ्यांत रमाबाई रानडे पुढे होत्या.

जन्म १८६२ चा, सांगलीकडच्या देवराष्ट्र्याचा, माहेर कुर्लेकरांचं. १८७३ ला, अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने घरीच शिकवलं. आणि विरोध कुणी केला? घरातल्याच बायांनी! इंग्रजी शिकते म्हणून टोमणे मारले. रमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण शिकणं सोडलं नाही.

१९०१ ला रानडे गेले. १९०९ ला रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथं शिकून कितीतरी विधवा अन् गरीब बाया नर्स, मास्तरीण झाल्या. पुढे पुण्यात फक्त मुलांचंच शिक्षण सक्तीचं करायचं घाटत होतं, तेव्हा मुलींचंही करा म्हणून त्या बायांना घेऊन पुढे आल्या. त्याच सुमारास मताचा प्रश्नही हाती घेतला.

१९२१ ला मुंबईच्या कौन्सिलने बायांचं मत मान्य केलं. पण अट मालमत्तेची. म्हणजे जिच्या नावावर काही नाही, ती बाहेरच. आणि बाईच्या नावावर तेव्हा असायचं तरी काय?

रमाबाई १९२४ ला गेल्या. मावळात भात लावणाऱ्या बायांना सरसकट मत मिळालं ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला.