बाटलीत दोष की हाताळणीत? हाफकिन यांच्यावरचा ठपका आणि प्रयोगशाळांची परीक्षा

नावडे : शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत पाणी, रसायने, कच्चा माल यांबाबतचे कितीतरी निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरतात. या प्रयोगशाळांचीही परीक्षा होते. पण परीक्षेसाठी पाठवलेला नमुनाच सदोष असेल तर? हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यातून कळते.

कोण होते हाफकिन?

जन्म १८६० चा, ओडेसातील ज्यू कुटुंबात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना लस दिली आणि लस न घेतलेल्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. मोठ्या मोहिमेआधी छोटी चाचणी, ही त्यांची पद्धत होती. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

मुल्कोवालमध्ये काय घडले?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातील १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. परळच्या प्रयोगशाळेने लस निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती. कार्बॉलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भर दिला होता. चौकशीत संशय तिथेच गेला. हाफकिन यांचे पद गेले आणि ते इंग्लंडला परतले.

मग दोष कुणाचा?

बाटली उघडताना हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब महत्त्वाची ठरली. त्याच गावात टोचलेल्या इतर बाटल्यांतील लशीने कुणी दगावले नव्हते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली. त्यांच्यावरचा ठपका दूर झाला, पण पाच वर्षे हातची गेली. पुन्हा काम मिळाले ते कोलकात्यात. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज याचा संबंध काय?

प्रयोगशाळांच्या परीक्षेला प्रोफिशिएन्सी टेस्टिंग म्हणतात. आयोजक अनेक प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवतो आणि आलेले निकाल ताडून पाहतो. नवी परीक्षा सुरू करण्याआधी मोजक्या प्रयोगशाळांत पायलट फेरी घेतली जाते. तिच्यात मुख्यतः चार गोष्टी पाहतात :

• सर्व बाटल्यांतला नमुना खरोखर सारखा आहे का?
• प्रवासात, उन्हात तो टिकतो का?
• सूचना सगळ्यांना सारख्याच कळतात का?
• निकालांत किती फरक पडणे स्वाभाविक आहे?

ही उत्तरे हाती नसताना एखाद्या प्रयोगशाळेला नापास ठरवले, तर चूक तिची की नमुन्याची हे कळणार नाही. हाफकिन यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. म्हणून आधी आयोजकाने आपली बाटली तपासायची, मगच दुसऱ्याचे काम.