शाळा अंगणात नेणाऱ्या कै. ताराबाई मोडक

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे अल्पचरित्र लिहून द्यावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहो. विद्वत्तेचा आमचा दावा नाही. परंतु उभी नोकरी पहिली-दुसरीच्या लेकरांत गेली असल्याने, लहान मुलांकडे पाहण्याची नवी दृष्टी ज्यांनी महाराष्ट्रास दिली त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र सांगावे असे मनात आले. हेच चरित्र निवडण्यास आणखी एक कारण आहे. ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो, तथापि ओघाने ते पुढे येईलच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्यांनी विधवेशी विवाह केला होता. त्या काळी अशा विवाहाचे पर्यवसान बहुधा सामाजिक बहिष्कारात होत असे, आणि त्याची झळ मुलाबाळांसही पोहोचत असे. जनरीतीपेक्षा विवेक श्रेष्ठ मानण्याचे बाळकडू ताराबाईंस या घरात मिळाले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मुलींनी चार इयत्ता शिकणे हेच पुष्कळ समजले जात असे, त्या काळात, म्हणजे १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या.

पुढील वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या आपल्या विदर्भात राहावयास आल्या. दुर्दैवाने या संसारात त्यांस सुख लाभले नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी एक लहानगी मुलगी होती. आजही अशा प्रसंगी भल्याभल्यांचे धैर्य खचते. मग शंभर वर्षांपूर्वीची कथा काय सांगावी? परंतु बाई खचल्या नाहीत. काठेवाडातील राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. त्याच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच हिंदी महिला होत. मान मोठा, वेतनही चांगले. कोणासही वाटेल की आता बाईंचे आयुष्य मार्गी लागले.

पण बाईंचा मार्ग निराळाच होता. भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका या गृहस्थांनी १९२० साली अगदी लहान मुलांसाठी बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःस पुत्र झाल्यावर, या बालकास वाढवावे कसे, या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि अखेर वकिली सोडून बालशिक्षणात पडले. इटली देशातील डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत काढलेल्या बालगृहाची पद्धती त्यांनी अभ्यासिली होती. सन १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटचे मोठे पद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या.

या बालमंदिरात विशेष ते काय होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तीन ते सहा वर्षांचे मूल बसून, ऐकून शिकत नाही. ते हाताने, डोळ्याने, कानाने आणि स्पर्शाने शिकते, हा या पद्धतीचा पाया होय. म्हणून तेथे मुले मणी ओवीत, लहानमोठे ठोकळे क्रमाने रचीत, खरखरीत व गुळगुळीत यांतील भेद बोटांनी ओळखीत, एका भांड्यातील पाणी न सांडता दुसऱ्या भांड्यात ओतीत. गाणी होती, गोष्टी होत्या, बागकाम होते. नव्हती ती केवळ छडी. आणि वाचकांस नवल वाटेल, परंतु बक्षीसही नव्हते! मारलेले मूल भयाने वागते आणि बक्षिसाला चटावलेले मूल लोभाने वागते. दोघांनाही कामाची गोडी अशी लागत नाही, असा या मंडळींचा विचार होता. मूल हट्ट करते, आदळआपट करते, तेव्हा ते वाईट नसते. त्याची काही गरज अडलेली असते. मोठ्यांनी ती शोधून काढावी, हेच खरे शिक्षकाचे व मातापित्यांचे काम.

१९२६ साली या कार्यकर्त्यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षणपत्रिका हे मासिक प्रथम गुजरातीत व पुढे मराठीतही निघू लागले आणि त्याच्या द्वारे हे विचार शिक्षकांपर्यंत व पालकांपर्यंत जाऊ लागले. ताराबाईंचा त्यात मोठाच वाटा होता. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी गुजराती भाषेत विपुल लेखन केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३६ साली त्यांनी मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, गिजुभाई निवर्तले आणि कार्याचा भार ताराबाईंच्या खांद्यावर आला.

शिशुविहार नावारूपास आले तरी बाईंच्या मनास एक शल्य टोचत होते. ही बालमंदिरे शहरांतली, सुस्थितीतील कुटुंबांची. साधनेही महाग. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत वाढतात, त्या देशात हे शिक्षण त्या मुलांपर्यंत जावे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे त्यांस अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली. अनुताई बालविधवा होत्या. स्वतः कष्टाने शिकून त्या पुण्यास शिक्षिका झाल्या होत्या. ती स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या आणि अखेरपर्यंत त्यांनी ताराबाईंची साथ केली.

बोर्डीस आल्यावर बाईंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर महाग साधनांस रजा दिली. शिंपले, गोटे, बिया, पाने, माती, बांबू हीच साधने झाली. पानांवरून लहानमोठे कळे, बियांवरून मोजणे कळे. मुलांना अंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हेही शिक्षणच मानले गेले. परंतु एवढे करूनही वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. अशा वेळी पालक अडाणी आहेत, त्यांस शिक्षणाचे महत्त्व नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. बाई तसे म्हणाल्या नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि तेथील सारवलेल्या अंगणातच मुले गोळा करून बसल्या. अंगणवाडी ही कल्पना जन्मास आली ती अशी.

मुले का येत नाहीत याचा शोध घेताना त्यांस आणखी एक गोष्ट उमगली. आईबाप मजुरीला गेले की घरचे तान्हे सांभाळावयाचे काम सहा-सात वर्षांच्या भावंडाकडे येते. त्यास शाळेत आणावयाचे तर तान्ह्याची सोय प्रथम केली पाहिजे. म्हणून पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरविण्याचा प्रयोग त्यांनी केला. तीच विकासवाडी होय.

वाचकहो, हे चरित्र आम्ही का निवडले ते आता सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही देवरीकडील जंगलपट्टीतील एका खेड्यात शिक्षक होतो. पहिलीत एक मुलगा होता. घरी गोंडी बोलली जाई. आमची पुस्तकी मराठी त्यास कळत नसे, म्हणून तो उत्तर देत नसे. आम्ही त्या मौनास उद्धटपणा समजलो. रोवणीचे दिवस आले. आईबाप पहाटेच बांधीवर जात आणि हा धाकट्या बहिणीस कडेवर घेऊन उशिरा वर्गात येई. ती रडे, वर्ग हसे. एके दिवशी आम्ही त्याच्या हातावर छडी मारली आणि बहिणीस घरी ठेवून येण्यास फर्माविले. तो गेला तो परत आला नाही. आम्ही हजेरीपटावर महिनाभर गैरहजेरी मांडली आणि पुढे नाव कमी केले. त्याच्या घरी मात्र एकदाही गेलो नाही. ते घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात ताराबाईंच्या कार्याची हकीकत ऐकावयास मिळाली आणि धाकटी भावंडे घेऊन येणाऱ्या मुलांसाठी या बाईंनी शाळाच बदलली हे कळले, तेव्हा आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. त्यानंतर आम्ही वर्गात छडी ठेवली नाही. काही वर्षांनी त्या गावी जाण्याचा योग आला. तो मुलगा आता बाप झाला होता. आपल्या लेकीस त्याने अंगणवाडीत आणले होते. आम्हांस पाहून त्याने नम्रपणे हात जोडले. परंतु लेकीस आत सोडून तो घरी गेला नाही. वर्ग सुटेपर्यंत दाराबाहेर उभा राहिला. तो का उभा होता, हे आम्हांस विचारावे लागले नाही.

असो. १९५७ साली ताराबाईंनी आपले केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली बांधवांच्या वस्तीत नेले. त्या वेळी त्यांचे वय पासष्ट होते. ज्या वयात आम्ही निवृत्तिवेतन घेत बसलो आहो, त्या वयात त्या नवी टेकडी चढल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी व अनुताईंनी शाळा कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली शिकत आहेत, अशी ती कुरणशाळा. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण हा सन्मान दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. अनुताईंनी हे कार्य पुढे चालविले. त्यांस १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्याही निवर्तल्या.

ताराबाईंच्या पश्चात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत गावोगावी आपण ही पाटी पाहतो, परंतु त्या शब्दामागे कोणाचे आयुष्य उभे आहे हे फारच थोड्यांस ठाऊक असते. मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. ताराबाई व गिजुभाई यांनी जे स्वेच्छेने केले, ते करावयास आम्हां शिक्षकांस कायद्याची वाट पाहावी लागली, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो. घराच्या उंबऱ्याच्या आत बहुधा येत नाही. म्हणून आपल्या समाजातील मातापित्यांस चार शब्द सांगण्याची अनुज्ञा घेतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी देऊन अक्षर गिरवावयास बसवू नये. त्यास धान निवडू द्यावे, वाटाणे सोलू द्यावे, पाणी ओतू द्यावे. सांडले तर फडके द्यावे, धपाटा देऊ नये. त्याने हट्ट धरला तर प्रथम भूक, झोप व भीती यांचा शोध घ्यावा. शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नये. चॉकलेटचे अथवा मोबाईलचे आमिष दाखवून काम करवून घेऊ नये. घरी बोलली जाते ती बोली, मग ती कोणतीही असो, तिची लाज वाटू देऊ नये, कारण त्याच बोलीत मूल विचार करावयास शिकते. आणि शाळेतून तक्रार आली तर मुलास मारण्यापूर्वी गुरुजींस भेटावे. गुरुजींनीही तक्रार पाठविण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन यावे. अंतर बहुधा हाकेचेच असते.

आपले मंडळ दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करते. तो अवश्य व्हावा. परंतु त्या व्यासपीठापर्यंत जी मुले पोहोचलीच नाहीत, त्यांची नावे पहिलीच्याच हजेरीपटावरून कमी झालेली असतात, हे आमच्यासारख्यास विसरता येत नाही. ताराबाईंचे स्मरण करावयाचे ते यासाठी.

इतके लिहून, काही अधिकउणे झाले असल्यास वाचकांची क्षमा मागून हा लेख पुरा करतो.