विश्लेषण : सावित्रीबाई फुले जोतिरावांच्या केवळ सहचारिणी होत्या की सहविचारक?

सावित्रीबाईंची ओळख आपण बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून देतो : जोतिरावांनी त्यांना शिकवले आणि त्या पहिल्या शिक्षिका झाल्या. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यांची कविता, पत्रे आणि कृती पाहिल्या तर वेगळे चित्र दिसते.

सुरुवात कशी झाली?

३ जानेवारी १८३१ रोजी साताऱ्याजवळच्या नायगावात जन्म. १८४० मध्ये लग्न झाले, तेव्हा वय नऊ आणि जोतिरावांचे तेरा. अक्षरओळख सासरी झाली. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. त्यापायी दोघांना घर सोडावे लागले.

आधी पुस्तक कोणाचे?

सावित्रीबाईंचे. ‘काव्यफुले’ हा त्यांचा कवितासंग्रह १८५४ मध्ये आला, तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. शिक्षण, कष्ट, इंग्रजीचे महत्त्व आणि निसर्ग असे विषय त्यात आहेत. जोतिरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले, पण ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. शिवाजी महाराजांवरील त्यांचा पवाडा १८६९ चा, तर ‘गुलामगिरी’ १८७३ ची. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची वाट शिक्षणातून जाते, हे सावित्रीबाई त्याआधीच छापील शब्दांत मांडत होत्या.

पत्रांत काय आहे?

जोतिरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रे उपलब्ध आहेत.

- १८५६, नायगाव : आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. महार-मांगांसाठी काम करता म्हणून भावाने दोष दिला. सावित्रीबाईंनी त्याच्याशी वाद घातला आणि अखेर आईलाही आपले म्हणणे पटवून दिले.
- १८६८, नायगाव : गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार तरुणी यांच्या प्रेमामुळे गाव त्यांच्या जिवावर उठले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, जमावाला कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांना जोतिरावांकडे पाठवले.
- १८७७, ओतूर (जुन्नर) : भीषण दुष्काळ. मदतकार्यातील सत्यशोधक पकडले गेले. कलेक्टरसमोर सावित्रीबाईंनी त्यांची बाजू मांडली. कार्यकर्ते सुटले, शिवाय धान्याच्या गाड्याही मिळाल्या.

या पत्रांत कुठेही परवानगीची विनवणी नाही. जे केले ते का केले, याचा हिशेब आहे. दुसरी बाजू समान मानणारी व्यक्तीच असे लिहिते.

विचार घरात उतरला का?

हो, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. १८६३ मध्ये दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे बाळंतपणाची सोय होती. तिथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. स्वतःला मूल नसतानाही जोतिरावांनी दुसरे लग्न केले नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्याच वर्षअखेरीस भटजीविना पहिला सत्यशोधक विवाह झाला, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता.

जोतिरावांनंतर?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावर भाऊबंदांनी आक्षेप घेतला, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. त्या काळी बाईने असे करणे अकल्पित होते. नंतर त्यांनी ‘बावनकशी सुबोधरत्नाकर’ या काव्यातून जोतिरावांचे चरित्र आणि इतिहासाची त्यांची मांडणी लोकांपुढे ठेवली. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही भूषवले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. यशवंत तेव्हा डॉक्टर झाले होते. त्यांच्या दवाखान्यात मुंढव्यातील एका आजारी दलित मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. जोतिरावांना जाऊन तेव्हा सहा वर्षे उलटली होती. दोघांनी मिळून घडवलेला विचार या सहा वर्षांत एकट्या सावित्रीबाईंनी पुढे नेला, आणि शेवटही त्याच कामात झाला.