गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्ये गोव्यास आले. ग्रीक पंडितांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासिले होते. परंतु येथील वनस्पतींविषयी त्या ग्रंथांत पुष्कळ चुका आहेत, असे त्यांना आढळले. तेव्हा विद्वत्तेचा अभिमान न धरता त्यांनी येथील वैद्य-हकिमांकडून माहिती मिळविली. वेलदोडा, कापूर, हिंग, धोतरा इत्यादिकांचे गुणदोष पारखून १५६३ साली गोव्यातच त्यांनी आपला संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. १५६८ मध्ये ते निवर्तले. ते गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत, असा ठपका ठेवून १५८० मध्ये तेथील ख्रिस्ती धर्मन्यायालयाने त्यांच्या अस्थी उकरून जाळविल्या. परंतु त्यांचे ज्ञान जाळता आले नाही. त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच युरोपात प्रसिद्ध झाला होता.