किंगरी ऐकणारा माणूस

आदिलाबादच्या डोंगरात किंगरी कानी पडली की मला हायमेंडॉर्फ आठवतात. हे मानववंशशास्त्रज्ञ १९०९ साली व्हिएन्नात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या लेखी शत्रू ठरले आणि निजामाच्या राज्यात अडकून पडले. १९४० साली कुमराम भीम मारला गेला. गोंड का पेटून उठले, हे जाणण्यासाठी हायमेंडॉर्फ पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईत येऊन राहिले.

येथील परधान घरी मराठी बोलत, मात्र यजमान गोंडांच्या दैवतकथा गोंडीतून गात. त्या कथा हायमेंडॉर्फांनी टिपल्या आणि १९४८ साली लंडनच्या ग्रंथातून जगापुढे ठेवल्या.

मला मात्र त्यांची थोरवी निराळीच वाटते. ज्यांची गाणी नेली, त्यांच्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी ते सरकारदरबारी झटले. मार्लवाईत त्यांनी गोंड शिक्षक तयार केले आणि देवनागरीतून गोंडी वाचनपुस्तके काढवली.

बेटी १९८७ साली गेल्या, ते १९९५ साली. दोघांची समाधी मार्लवाईतच आहे. लोकगीते गोळा करायला निघालेल्या विद्यार्थिमित्रांनो, वही उघडण्यापूर्वी गाणाऱ्याच्या शेताची चौकशी करा.